दहाच्या जागी पाच

सहा आठवड्यांनी मी कॉलेजात परत रुजू झाले, तेव्हा बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला नऊ दिवस उरले होते. माझी रजा अजून शिल्लक होती. बाळ जिवंत जन्मलं नसलं तरी रजा घेता येते, हे ऑफिसातल्या क्लार्कनं मला फोनवर कानडीतून समजावून सांगितलं होतं. हळू आवाजात, दोनदा. मी दोन्ही वेळा हूं म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी निपाणीला आले. केमिस्ट्री शिकवणारी मी एकटीच होते, आणि माझ्या जागी आलेली तात्पुरती बाई मध्येच सोडून गेली होती. हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे घरी बसणं आणि कॉलेजात बसणं यांत मला तेव्हा काही फरक वाटत नव्हता. कॉलेजात निदान घंटा व्हायची, मग उठावं लागायचं.

माहेर माझं निपाणीचंच. आईनं आयुष्याची तीसेक वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली आणि मला धारवाडला ठेवून एम.एस्सी. केलं. सासर बेळगावात, अनगोळला. लग्नानंतरही नोकरी इथंच राहिली, म्हणून आठवडाभर मी आईकडं असायची आणि शनिवारी दुपारच्या बसनं अनगोळला जायची. पोटात बाळ असतानाही हेच चाललं होतं.

सातव्या महिन्यात एकदा शिकवता शिकवता माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून आत काही हललेलं नाही. मी तो तास पुरा केला. पुढचाही घेतला. संध्याकाळी बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, स्क्रीन माझ्यापासून जरा वळवला आणि नवऱ्याला आत बोलवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ झालं. मुलगी होती. मी रडले नाही. धक्का बसलाय, रडेल दोन दिवसांनी, असं सगळे म्हणाले. सासूबाई पाठीवरून हात फिरवत, "रड बाई, मोकळी हो," म्हणत राहिल्या. मी प्रयत्न करून बघितला. जमलं नाही. दूध थांबायच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या वेळच्या वेळी घेतल्या.

आमच्या लॅबच्या अटेंडरना सगळे मामा म्हणतात. रिटायर व्हायला दोन-अडीच वर्षं राहिलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी आले त्या दिवशी त्यांनी बाटल्या पुसून ओळीनं लावून ठेवल्या होत्या.

"बरं हाय न्हवं म्याडम?"

"बरी आहे."

"मग बरं," म्हणाले आणि टेस्ट ट्यूब धुवायला वळले. स्टाफरूममध्येही असंच झालं. एकेकानं विचारलं, मी बरी आहे म्हणून सांगितलं. घरी आई विचारायची, तिलाही तेच. कुणी खोदून विचारलं नाही आणि मलाही दुसरं उत्तर ठाऊक नव्हतं.

परीक्षेला टायट्रेशन होतं. ज्यांनी कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्युरेट म्हणजे खुणा केलेली उभी काचेची नळी. तिच्यात जांभळं परमँगनेट भरायचं. खाली फ्लास्कमध्ये मोजून दहा मिली ऑक्झॅलिक ॲसिड घ्यायचं, त्यात थोडं सल्फ्युरिक घालून गरम करायचं, आणि वरून परमँगनेट थेंबथेंब सोडायचं. पडेल तो थेंब रंग हरवून बसतो. जो थेंब पडल्यावर फिका गुलाबी रंग टिकतो, तिथं थांबायचं आणि ब्युरेटवर किती मिली गेलं ते वाचायचं. आमच्याकडं ऑक्झॅलिक ॲसिडचा स्टॉक, म्हणजे कडक द्रावण, आधीच करून ठेवलेला असतो. परीक्षेच्या दिवशी तो पाण्यानं निम्मा पातळ करायचा. पाचशेचा फ्लास्क स्टॉकनं खुणेपर्यंत भरायचा, तो लिटरच्या फ्लास्कात ओतायचा, वर डिस्टिल्ड वॉटर घालून लिटर पुरं करायचं, बूच लावून दहा-बारा वेळा उलटसुलट करायचं. एवढंच काम. अशा पातळ केलेल्या द्रावणाला परमँगनेट दहा मिली लागतं. मुलांनी वर्षभर सराव केलेला असतो, त्यामुळं दहा हा आकडा त्यांना तोंडपाठ असतो.

प्रत्येक बॅचच्या आधी आम्ही शिक्षकांनी स्वतः एकदा टायट्रेशन करून आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, असा नियम आहे. त्याला चेक रीडिंग म्हणतात. मुलांचे आकडे त्याच्याशी ताडून मार्क पडतात.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सगळं नीट झालं. बाहेरून आलेले परीक्षक चिकोडीकडचे होते, पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे. बोलले तर कानडीत, मध्येच एखादं वाक्य मराठीत. मी द्रावण केलं, चेक रीडिंग घेतलं, दहा आलं, लिहिलं. बारा मुलांची पहिली बॅच साडेबारापर्यंत आटोपली.

दुपारच्या बॅचसाठी फ्लास्क धुवायला हवा होता. त्यात निम्म्याहून थोडं जास्त द्रावण उरलं होतं. मामांनी ते एका रिकाम्या बाटलीत ओतलं. स्टॉकची बाटलीही तशीच, त्याच मापाची. ऑक्झॅलिक ॲसिडला रंग नसतो. कडक काय आणि पातळ काय, दिसायला पाणीच.

"लेबल लावू का म्याडम?" मामांनी विचारलं.

"राहू दे, मी लावते. तुम्ही सरांच्या जेवणाचं बघा."

ते गेले. मी खुर्चीवर बसले. डबा उघडला नाही. समोरच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता होता, तो बघत बसले असेन. दुपारच्या बॅचची घंटा झाली तेव्हा उठले, हाताला आली ती बाटली घेतली, पाचशेचा फ्लास्क भरला. जेमतेम भरला. बाटलीवर लेबल नाही, हे मला दिसलं होतं. हे मी पुढं कुणालाच सांगितलं नाही, पण दिसलं होतं. हात मात्र थांबला नाही. लिटरच्या फ्लास्कात ओतलं, पाणी भरलं, खुणेशी डोळा नेऊन शेवटचे थेंब ड्रॉपरनं सोडले. एवढं सगळं काळजीनं केलं. एकदा पातळ केलेलं मी पुन्हा निम्मं पातळ केलं होतं.

मुलं दारात उभी होती. परीक्षक सर हात पुसत आले. रजिस्टर उघडं होतं. सकाळच्या ओळीखाली मी दुसऱ्या बॅचचं चेक रीडिंग म्हणून दहा लिहिलं. टायट्रेशन केलं नाही. करायला पाच मिनिटं लागतात. सरांनी त्याखाली सही केली.

बॅच सुरू झाली. बर्नर पेटले, लॅबमध्ये ऊब आली. मी दोन रांगांमधून फिरत होते. मुलं माना खाली घालून काम करत होती. कुणी काही विचारलं नाही. एकदा एका मुलानं सिंकचा नळ बराच वेळ सोडून ठेवला होता, तो मी जाऊन बंद केला. सिंकमध्ये पाणी जांभळं झालं होतं. तेही मला दिसलं.

तीनच्या पुढं सर एकेकाला टेबलापाशी बोलावून पेपर तपासू लागले आणि दोन-दोन तोंडी प्रश्न विचारू लागले. नऊ पूर्णांक नऊ. दहा. दहा पूर्णांक एक. दहा. ज्याचं झालं तो दप्तर उचलून जात होता. शेवटचा नंबर एका मुलीचा होता. निपाणीजवळच्या खेड्यातून बसनं यायची, वर्गात मागं बसायची, वर्षभरात तिनं मला एकही प्रश्न विचारल्याचं मला आठवत नव्हतं. सरांनी तिचा पेपर बघितला, लाल पेनानं गोल केला आणि माझ्याकडं बघितलं.

"हे काय?" त्यांनी तिला मराठीतच विचारलं. "पाच?"

"व्हय सर."

"दहा यायला पाहिजे."

"व्हय सर, सगळी दहाच म्हणत्यात."

"मग तुझं पाच कसं आलं?"

"मला म्हायती न्हाय सर. तीनदा केलं. तिन्ही डाव पाचच आलं."

"ब्युरेट वाचता येतं ना?"

"येतंय सर."

तिचा आवाज चढला नाही, की डोळ्यांत पाणी आलं नाही. ती घाबरली होती, ओढणीचं टोक मुठीत धरलेलं मला दिसत होतं. पण आकडा बदलून देते असं काही ती म्हणाली नाही. सरांनी सुस्कारा टाकला आणि मार्कांच्या रकान्याकडं पेन नेलं.

"सर, एक मिनिट," मी म्हटलं.

का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. शंका आली असं म्हणावं तर तशी आली नव्हती. एवढंच, की कितीतरी दिवसांत माझ्यासमोर कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाला जे घडलं तेच उत्तर म्हणून दिलं होतं, आणि ते माझ्या कानावर पडलं.

मी तिच्या टेबलाशी गेले. तिच्या वाटणीचं थोडं ऑक्झॅलिक ॲसिड बीकरमध्ये उरलं होतं. पिपेटनं दहा मिली मोजून फ्लास्कमध्ये घेतलं, सल्फ्युरिक घातलं, गरम केलं. फ्लास्कच्या गळ्याला फडकं धरून ब्युरेटखाली धरला. पाचावर गुलाबी झालं. हलवलं, तरी टिकलं. तीस सेकंद थांबले. मग शेल्फपाशी जाऊन स्टॉकची बाटली उचलली. भिंतीकडं तोंड केलेलं तिचं लेबल माझ्या बाजूला वळवलं. सकाळी पाचशे मिली काढल्यावर ती जिथवर भरलेली होती, तिथवरच होती. दुपारी तिला कुणी हात लावलेला नव्हता. शेजारची बिनलेबलाची बाटली रिकामी.

मामा दारात उभे राहून बघत होते. त्यांच्या ध्यानात माझ्या आधी आलं असावं.

मी सरांना कानडीत सांगितलं. द्रावण दोनदा पातळ झालंय, माझ्या हातून. तिचा आकडा बरोबर आहे. दुपारच्या बॅचचं चेक रीडिंग मी घेतलंच नव्हतं, सकाळचा आकडा उतरवला.

सरांनी चष्मा काढला. त्यांनी आधी त्या मुलीला बाहेर बसायला सांगितलं. मग अकरा पेपर टेबलावर पत्त्यांसारखे पसरले. अकराही पेपरांवर दहा, नाहीतर दहाच्या अगदी जवळचा आकडा.

"मग यांना दहा कसं आलं?" ते म्हणाले.

मला एकदम तो उघडा नळ आठवला. मी त्यांना सिंकपाशी नेलं. चिनीमातीवर जांभळट तपकिरी ओघळ अजून ओले होते. पाचावर रंग आल्यावर मुलांनी ब्युरेटमधलं आणखी पाच मिली काढून सिंकमध्ये ओतून दिलं होतं, म्हणजे नळीवर दहा दिसावं.

सरांनी ओघळावरून बोट फिरवून बघितलं. मला वाटलं, रागावतील. रागावायला हवं होतं.

"मी पण सही केली की," ते शेवटी म्हणाले. "न बघता."

मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि मामांना विचारलं, "पोरं कुठंपर्यंत गेली असतील?"

"स्टँडावर असत्याल सर. गाडी न्हाय अजून." मामांनी खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली आणि निघाले. नऊ मुलं त्यांना बसस्टँडवर सापडली. दोघंजण निघून गेले होते, त्यांच्या घरी फोन केला. त्यातल्या एकाला त्याच्या भावानं मोटारसायकलवरून परत आणून सोडलं, दुसऱ्याचे वडील स्वतः त्याला घेऊन आले आणि लॅबच्या बाहेर काही न कळून उभे राहिले. तोवर मी खऱ्या स्टॉकमधून नवं द्रावण केलं. या वेळी दोन्ही बाटल्यांवर लेबल लावलं, चेक रीडिंग सरांसमोर घेतलं. दहा आलं. सर म्हणाले, "आणखी एकदा." आणखी एकदा घेतलं.

मुलांना मी एका रांगेत उभं केलं.

"द्रावण चुकीचं होतं," मी सांगितलं. "चूक माझी आहे. तुम्हाला पाच यायला हवं होतं. आता पुन्हा करायचं, आणि जे येईल ते लिहायचं."

कुणी वर बघेना. पुढच्या रांगेतला एक हुशार मुलगा, ज्याचे नव्वदच्या खाली मार्क कधी यायचे नाहीत, हमसून रडायला लागला. "म्याडम, मला पाचच आलतं, मला वाटलं माझंच चुकलं," म्हणाला. मग आणखी दोघी रडल्या. मी त्यांच्याकडं बघत उभी होते. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायला हवा, हे कळत होतं. मामांनी जाऊन ठेवला. "रडायचं न्हाय रं. पेटव बर्नर," म्हणाले.

त्या मुलीला पुन्हा करायला लावलं नाही. सरांनी तिच्या पेपरावरच्या लाल गोलाशेजारी बरोबरची खूण करून सही केली आणि पूर्ण मार्क दिले. ती शेवटच्या बसची वेळ झाली म्हणून घाईत होती. मी तिला थांबवून म्हटलं, "तुझं बरोबर होतं."

"व्हय म्याडम," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "मग मी जाऊ?"

"जा."

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल सरांनी बोलावलं. परीक्षकांनी तक्रार केली नव्हती, पण घडलं ते रिपोर्टात लिहिलं होतं, आणि त्यावर माझा लेखी खुलासा हवा होता. प्रिन्सिपल सर चांगला माणूस. त्यांनी दार लोटून घेतलं.

"तुम्ही तब्येतीचं लिहा," ते म्हणाले. "घरात दुःखाचा प्रसंग झाला होता, मन थाऱ्यावर नव्हतं, असं. कुणी पुढं विचारणार नाही."

मी कागद घेऊन स्टाफरूममध्ये बसले. बाटलीला लेबल लावलं नाही. कोणती बाटली हे न बघता द्रावण केलं. चेक रीडिंग न घेता आकडा लिहिला. तीन वाक्यं झाली. चौथं सुचेना. मी पेन टेकवून बसले, कागदावर शाईचा ठिपका मोठा झाला. मग खाली सही केली आणि नेऊन दिला.

त्यांनी वाचला. "तब्येतीचं?"

"त्यामुळं झालं का, ते मला माहीत नाही सर."

त्यांनी कागद फाइलला लावला. पुढं एक लेखी ताकीद आली. ती माझ्या सर्व्हिस फाइलमध्ये आहे.

आईला मी त्या दिवशी जेवताना सगळं सांगितलं. तिला टायट्रेशन कळत नाही, पण तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"त्या पोरीचं मार्क गेलं न्हाईत न्हवं?"

"नाही गेले."

"मग झालं," ती म्हणाली. भाकरीचा तुकडा माझ्या ताटात टाकला. "तू जेवत न्हाईस गं. आल्यापास्नं बघतीया मी. बरी हाय म्हणतीस आन् जेवत न्हाईस."

मी तो तुकडा खाल्ला. तिला बरी आहे असं पुन्हा सांगितलं नाही.

शनिवारी बसनं अनगोळला गेले. सासूबाई भजनाला गेल्या होत्या. नवरा गॅलरीत वाळलेले कपडे काढत होता. मी दोरीच्या दुसऱ्या टोकाकडून कपडे काढून घड्या घालू लागले. त्याच्या शर्टाची घडी घालताना मी विचारलं,

"तुम्ही तिला बघितलं होतं?"

त्यानं, कुणाला, असं विचारलं नाही. दवाखान्यात नर्सनं मला, बघणार का, असं विचारलं होतं. मी नको म्हटलं होतं. त्यानंतर काय झालं, कुणी काय केलं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि त्यानंही आपणहून सांगितलं नव्हतं.

"बघितलं," तो म्हणाला.

"कशी होती?"

त्यानं हातातली चादर खुर्चीवर ठेवली. "केस होते. लई होते. ओले होते." तो घरात कधी लई म्हणत नाही, त्याच्या ऑफिसातल्या बोलण्यात तर नाहीच. "नाक तुझ्यासारखं. बोटं लांब. नर्सनं कापडात गुंडाळून दिली. मी गाडीत मांडीवर घेऊन बसलो होतो. अण्णा गाडी चालवत होते."

अण्णा म्हणजे माझे मोठे दीर.

"जड होती?"

"नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "होती थोडी."

तो गॅलरीच्या कठड्याला धरून उभा राहिला आणि रडू लागला. सात-आठ आठवड्यांत मी त्याला रडताना पहिल्यांदाच बघत होते. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. मला अजूनही काही होत नव्हतं. हात त्याच्या पाठीवर ठेवला, सासूबाई माझ्या पाठीवर ठेवायच्या तसा. तो बराच वेळ रडला. खाली गल्लीत कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तो माणूस किक मारत होता.

"डोळे?" मी विचारलं.

"मिटलेले होते," तो म्हणाला.

मग आम्ही उरलेले कपडे काढले.